यष्टींमागे गणपती

माझ्या मुलीच्या लग्नात रुखवतावर डल्ला मारताना जो इसम पकडला गेला, तो मीच.

नातेवाईक हल्ली सांगतात की, "वधूपित्याला तेव्हा जरा चक्कर आली होती." चक्करबिक्कर काही नव्हती! मी पूर्ण शुद्धीत होतो. अंगात नवा सिल्कचा कुर्ता, डोक्याला फेटा, आणि अंगठ्याच्या नखाने मी एका वेगवान गोलंदाजाला सोलून काढत होतो. पण हे पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही वरपक्षासारखा गैरसमज करून घ्याल.

आमच्या लहानपणी चिंगमच्या पाकिटात क्रिकेटचं एक कार्ड निघायचं. (च्युइंग गमला उज्जैनमध्ये चिंगमच म्हणतात, आणि शुद्ध बोलणाऱ्याला दुकानदार चिंगम देत नाही.) पुढे खेळाडूचा रंगीत फोटो, मागे त्याच्या धावा आणि बळी. चिंगमची चव दोन मिनिटांत जायची, कार्डाची अजून गेलेली नाही. माझी सगळी कार्डं शाळेतच इकडेतिकडे झाली. मग मी मोठा झालो, विम्याच्या ऑफिसात चिकटलो, लग्न झालं, मुक्ता झाली, डोक्यावरचे केस गेले. आणि सात वर्षांपूर्वी एका रविवारी, फ्रीगंजमध्ये टावर चौकाजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, दहावीच्या गाइडमध्ये मला आमचा सलामीचा फलंदाज भेटला!

तीच निळी चौकट, तोच वाकवलेला गुडघा, तीच बॅट. मी तिथेच उभा राहिलो. अंगावर असा काटा आला की काय सांगू! इतकी वर्षं हा माणूस गाइडमध्ये गप पडून होता आणि मी त्याच रस्त्याने रोज ऑफिसला जात होतो.

दुकानाचे मालक चौरसियाजी. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्यात या माणसाचा हात कोणी धरणार नाही. मी आधी एक लोणच्याचं पुस्तक उचललं, त्याची किंमत विचारली, आणि मग अगदी सहज म्हणालो, "और ये पुट्ठा कितने का?"

"पुट्ठा?" चौरसियाजींनी चष्मा वर केला. "बाबूजी, पुट्ठे के लिए आपके हाथ क्यों काँप रहे हैं?"

झालं! भाव जागच्या जागी दुप्पट झाला, आणि लोणच्याचं पुस्तकही घ्यावं लागलं.

तेव्हापासून संपूर्ण संघ जमवायचा मी चंगच बांधला. घरखर्चात 'जुने क्रिकेटपटू' असं काही खातं नव्हतं, म्हणून मी पान सोडलं, रिक्षा सोडली, ऑफिसखालचा चहा अर्ध्या कपावर आणला. तरी माझ्या ऐपतीत धडधाकट खेळाडू बसत नसत. सलामीच्या फलंदाजाचा एक कोपरा उंदराने खाल्लेला. लेगस्पिनरच्या पोटावर चहाच्या कपाचा गोल वळ. कप्तानाच्या कपाळावर कोणीतरी साताचा पाढा लिहून काढलेला. आणि वेगवान गोलंदाजाला निळ्या बॉलपेनने भरघोस मिशी! ती मिशी होती म्हणूनच तो मला परवडला.

सात वर्षांत दहा जण जमले. राहिला फक्त यष्टिरक्षक. "कीपर आएगा बाबूजी, धीरज रखो," चौरसियाजी दर रविवारी सांगत. मी धीर धरून होतो.

माझी बायको सुनंदा हिच्यापासून मात्र हा प्रकार मी लपवून ठेवला होता. एकदा तिने लेगस्पिनरला पाहिलंच.

"हे काय हो?"

"काही नाही गं. रद्दीत फुकट आलं."

"मग फेकून द्या ना."

"असू दे. पडलंय आपलं."

या एका 'फुकट'ने पुढे माझा घात केला. पण त्या दिवशी मला माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुकच वाटलं होतं.

आता लपवायचं कुठे? आमच्याकडे पत्र्याच्या एका मोठ्या डब्यात लग्नाच्या जुन्या पत्रिका आहेत. ज्याचं लग्न होऊन गेलं त्याची पत्रिका कोण उघडून बघतं? मी एकेक खेळाडू एकेका पत्रिकेत घातला. कप्तान माझ्या मावसभावाच्या लग्नात, वेगवान गोलंदाज साडूच्या लग्नात. रविवारी दुपारी सुनंदा भिशीला गेली की मी दहाहीजणांना पलंगावर मांडायचो आणि नुसता बघत बसायचो. कार्ड नाकाशी धरलं तर अजून चिंगमचा गोड वास येतो, खोटं नाही सांगत. पन्नाशी उलटलेला माणूस अर्धा तास पुठ्ठ्यांचा वास घेत बसतो, हे कोणी खिडकीतून पाहिलं असतं तर मला डॉक्टरकडे नेलं असतं.

फक्त एक गोष्ट मी विसरलो. आमच्या बायका जुन्या पत्रिका काही आठवण म्हणून ठेवत नाहीत. त्यांच्यावरचे सोनेरी गणपती, वेलबुट्ट्या, चकचकीत कागद कापून रुखवत सजवायचं असतं!

आणि मुक्ताचं लग्न ठरलं. सासर देवासचं. जावई क्लबाकडून खेळणारा, आणि व्याही तर क्रिकेटचे पक्के वेडे. साखरपुड्यात ते माझ्याशी देण्याघेण्याचं अवाक्षर बोलले नाहीत, दोन तास फक्त पिचबद्दल बोलले.

सुनंदाने ते बरोबर हेरलं. तीन आठवडे ती मागची खोली बंद करून काहीतरी करत होती.

"अगं, निदान बघू तर दे!"

"बिलकुल नाही. लग्नाच्या सकाळीच दिसेल. तुम्ही जाऊन जनरेटरवाल्याला फोन करा."

मी जनरेटरवाल्याला फोन केला. लग्नाच्या धावपळीत रविवारची मांडामांडही बंद होती, त्यामुळे डबा उघडून बघायचं सुचलं नाही.

लग्नाच्या सकाळी माधव नगरच्या हॉलमध्ये रुखवत मांडलं होतं. साखरेचं तुळशीवृंदावन, खोबऱ्याचे कलश, पापडांची उतरंड, सगळं रीतीप्रमाणे. पण मधल्या टेबलाभोवती गर्दी होती. मी मुंडकं आत घातलं आणि थक्क झालो.

तिथे एक आख्खं स्टेडियम उभं होतं! रवा हिरवा रंगवून केलेलं मैदान. मधोमध तांदळाच्या पिठीचं पिच. जुन्या पत्रिकांचं दोन मजली पॅव्हेलियन, त्याला सोनेरी लेस. अगरबत्तीच्या काड्यांच्या यष्ट्या. आणि मैदानभर काडेपेट्यांना चिकटवून उभे केलेले खेळाडू. स्लिपमध्ये स्लिप, कव्हरला कव्हर, सगळे आपापल्या जागी! पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोच्या हातात एवढी जादू आहे हे मला ठाऊक नव्हतं. हात जोडायचेच बाकी होते.

तेवढ्यात धावत येणाऱ्या गोलंदाजाकडे माझं लक्ष गेलं. त्याला निळी मिशी होती.

मी मोजायला लागलो. उंदराने खाल्लेला कोपरा, चहाचा वळ, कपाळावर साताचा पाढा. दहाच्या दहा! आणि अकराव्याच्या जागी, बरोबर यष्टींमागे, पत्रिकेवरचा सोनेरी गणपती उभा केलेला.

"क्या बात है वहिनी!" व्याही ओरडलेच. "कीपर म्हणून साक्षात गणपतीबाप्पा! चार हात! कॅच सुटायचा प्रश्नच नाही!"

मी सुनंदाला खांबामागे घेतलं. "ही कार्डं कुठून आणलीस?"

"पत्रिकांच्या डब्यात होती. तुमचीच ना, रद्दीत फुकट आलेली?"

"हो... म्हणजे... फुकटच."

"मग चेहरा असा काय करून राहिले? मुलीचं लग्न आहे, जरा हसा!"

मी हसलो. त्या हसऱ्या चेहऱ्याचा फोटो अल्बममध्ये आहे आणि पाहुणे ते पान उलटून पटकन पुढे जातात.

रुखवत मुलीबरोबर सासरी जातं. म्हणजे संध्याकाळी माझे दहाहीजण देवासला जाणार, कायमचे! मंगलाष्टकांत मी अक्षता टाकत होतो, पण डोक्यात एकच गोष्ट होती. सगळे नाही, तर नाही. निदान मिशीवाला वाचवायचा.

पंगती बसल्या. हॉल रिकामा झाला. मी वाढप्यांवर देखरेख करायच्या मिषाने निघालो आणि थेट मैदानात उतरलो. सुनंदाने खळ लावली होती की सिमेंट कोण जाणे! नख घालून अर्धा गोलंदाज सुटला, आणि मागून आवाज आला.

"अगंबाई! मुलीचे वडीलच रुखवत उचकटून राहिले!"

जावयाची मावशी. हातात मोबाईल, रुखवताचे फोटो काढायला आलेली. तिच्या हाकेसरशी अर्धी पंगत ताटावरून उठून आली. व्याही तर हातातल्या जिलबीसकट आले.

"काय झालं, काय झालं?"

"काही नाही हो," मी म्हणालो. "हा जरा निघून राहिला होता. पक्का करत होतो."

"भई वाह!" व्याह्यांनी जिलबीच्याच हाताने माझी पाठ थोपटली. "याला म्हणतात मुलीचा बाप! जेवण सोडून रुखवत सांभाळतोय! अरे, कोणी गोंद आणा रे!"

गोंद आला. मी माझ्या हातांनी मिशीवाल्याच्या पाठीला गोंद लावला आणि दाबून धरला. मावशी म्हणाली, "बाकीचे पण ढिलेच वाटून राहिलेत." मग सगळ्यांच्या देखत मी एकेक करून दहाहीजण चिकटवले. गर्दीतून सुनंदा सांगत होती, "कडेला पण लावा. नीट. गाडीत हलतील."

निरोपाची वेळ आली. मुक्ता गाडीत बसली, शेजारी तिचा नवरा आणि दोघांच्या मांडीवर स्टेडियम. मी जो रडायला लागलो तो थांबेचना. खरं सांगतो, रडत होतो ते मुक्तासाठीच. माझी एकुलती एक पोर, फ्रीगंजच्या बाजारात माझं बोट धरून चालायची, ती चालली होती. पण गाडी सुरू झाल्यावर मी मागे धावत ओरडलो, "सांभाळून ने गं!"

"हो बाबा, मी सांभाळीन स्वतःला!" मुक्ता हुंदके देत म्हणाली. आजूबाजूच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

महिन्याभरात चौरसियाजींचा फोन आला. "बाबूजी, कीपर आ गया!"

मी चालत नाही, पळत गेलो. काय कार्ड होतं! ना मिशी, ना वळ, चारही कोपरे शाबूत. हवेत झेपावलेला यष्टिरक्षक, आणि ग्लोव्हजच्या टोकाला नुकता येऊन टेकलेला चेंडू. मी कितीतरी वेळ श्वास घ्यायचा विसरलो. चौरसियाजींनी विचारलं, बाकीचे कसे आहेत? मी सगळी हकिगत सांगितली. ते इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. डोळे पुसत त्यांनी कार्ड माझ्या खिशात घातलं. "रख लो बाबूजी. बिटिया की शादी का शगुन. पैसे नहीं लूँगा."

दुसऱ्याच रविवारी मी देवासला गेलो. व्याह्यांच्या दिवाणखान्यात स्टेडियमला काचेची पेटी केली होती, आत दिवा सोडला होता. उजेडात माझे दहाहीजण असे काही झळकत होते की मला माझेच ओळखू येईनात. खिशातला यष्टिरक्षक काढणार, तोच मला यष्टींमागे जास्वंदीचं फूल दिसलं. आणि दूर्वा.

"क्लबाची पोरं मॅचला जाताना इथे पाया पडून जातात," व्याही अभिमानाने म्हणाले. "तेव्हापासून एक मॅच हरलो नाही आपण!"

आता यांना कोणत्या तोंडाने सांगू, की बाप्पांना संघाबाहेर बसवा, माझा माणूस आलाय? माझ्या डब्यात हे दहाजण वर्षानुवर्षं अंधारात पडून होते, आणि इथे आख्खा क्लब त्यांच्यासमोर वाकत होता. मीही मुकाट्याने हात जोडले. मन अगदी भरून आलं. येताना पेटीवरून एकदा हात फिरवला, बस.

घरी येऊन मी सुनंदाला सगळं कबूल केलं. चौरसियाजी, सोडलेलं पान, अर्धा चहा, सगळं.

"मला माहीत होतं," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "दर रविवारी फ्रीगंजहून घामाघूम होऊन, हसत हसत यायचात. रद्दीवाल्याकडून कोणी हसत येतं का? आणि झोपेत सुद्धा फील्डिंग लावता तुम्ही. स्लिप कुठे, कव्हर कुठे, मला कोणी शिकवलं असं वाटतं?"

"मग माहीत असून दिलीस ती कार्डं?"

"आपल्या एकुलत्या एका मुलीला घरातली सगळ्यात जपलेली वस्तू द्यायची होती. सोनं तर सगळेच देतात. तुम्हाला विचारलं असतं तर दिली असती?"

त्या बाईपुढे मी पार नमलो. विषय बदलायचा म्हणून खिशातून यष्टिरक्षक काढून तिच्या हातात ठेवला. तिने चारही शाबूत कोपरे निरखून बघितले.

"हे केवढ्याला पडलं?"

"फुकट मिळालं गं! देवाशपथ!"

सात वर्षं मी खोटं बोललो तेव्हा या बाईने हूं की चूं केलं नाही. आता आयुष्यात पहिल्यांदा एक कार्ड खरोखर फुकट मिळालंय, तर रोज चहाचा कप पुढे करताना ती विचारते, "आता तरी खरं सांगा, केवढ्याला पडलं?" आणि उत्तर मिळेपर्यंत कप अर्धाच भरते!