पहिल्या मजल्यावर माग

"घर मिळालं, ये!" असा पद्माचा निरोप आला आणि मी सकाळची एसटी पकडली. गोष्ट सत्तरच्या दशकातली. पद्मा माझी कॉलेजातली मैत्रीण, सोलापूरच्या तेलुगू विणकर घरातली. सामान हलवायला मला खास आमंत्रण होतं.

टेंभुर्णीहून सकाळी निघणाऱ्यांनी डाव्या बाजूला बसू नये, ऊन थेट तोंडावर येतं. मोहोळच्या स्टँडवरची गरम भजी मात्र चुकवू नका. मी दोनदा घेतली.

पद्माचं जुनं घर म्हणजे एकच खोली. मधोमध जमिनीत खड्डा आणि त्यात पाय सोडून तिचे नान्ना, म्हणजे वडील, हातमाग चालवायचे. स्वयंपाक, अभ्यास, झोप, सगळं मागाच्या कडेनं. दारासमोर सूत रंगवण्याचं पाणी वाहायचं. त्या दिवशी गटार गुलाबी होतं, वास मात्र नेहमीचाच.

"खिडकी उघडली की नाक धरायचं," पद्माची अम्मा म्हणाली. "तिकडं वारा येतंय म्हणे."

माग सुटा करून हातगाडीवर चढवला आणि आमची वरात शहराबाहेरच्या नव्या सरकारी वसाहतीत पोचली. पहिला मजला, घरात नळ, घरात संडास! अम्मा खिडकीपाशी बसली ती बसलीच. पदर वाऱ्यानं उडत होता, तिनं सावरलासुद्धा नाही.

त्यांच्या घरी आधी माग मांडायचा, मग चूल. नान्नांनी पहार घेतली, जागा ठरवली आणि घातला घाव. दुसरा घाव बसतो न बसतो तोच जिन्यावरून आरडाओरडा.

"वर हीर खणायलाय काय वो? माज्या आमटीत चुना पडला की!" खालच्या गंगव्वा पळीसकट वर आल्या.

नान्ना पहारीकडे बघत राहिले. जन्मभर माणूस जमिनीवर राहिलेला. खोलीचा नंबर लागल्यापासून घरातले सगळे नळाचं कौतुक करत होते, पायाखाली माती नसणार हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आम्ही पोट धरून हसलो. मग हसू विरलं, कारण खड्डा नाही तर माग नाही, आणि माग नाही तर खायचं काय?

"तुमी खाली या की," गंगव्वा म्हणाल्या. "मी येते वर. हापिसात मी बोलते. पन खाली गटार हाय बगा दारात, आदीच सांगते."

अम्मानं एकदा बाहेर बघितलं, उठली आणि म्हणाली, "माग घ्या खाली."

मला रडूच आलं. अम्मा मात्र खाली जाऊन गंगव्वांची आमटी चाखून "मीठ कमी हाय" असं सांगून मोकळी झाली. संध्याकाळी खालच्या खोलीत खड्डा खणून झाला, आणि आम्ही ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी अशी मेजवानी केली.

घरी परतले तर आमच्या माजघराच्या खिडकीला ज्वारीची पोती लावलेली. आजवर मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आईशी भांडून ती सगळी हलवली आणि दिवाळीत अम्माला घेऊन आले. आईनं पाट मांडला, ताट वाढलं.

अम्मानं ताट उचललं आणि खिडकीत जाऊन बसली.