सुमेधाचा शेवटचा प्रश्न

नागपूरला उतरले तेव्हा सुमेधा फलाटावरच उभी होती. पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मानसशास्त्राच्या एम.ए.साठी ती लोकांच्या मनातल्या पूर्वग्रहांवर काम करत होती आणि मी पुण्याहून तिच्या मदतीला, खरं सांगायचं तर संत्री खायला, आले होते!

नरखेडकडची एसटी वाटेत बंद पडली. पदर खोचून आम्हीही ढकलली. काय हसलो होतो तेव्हा!

गावात काम साधं होतं. गप्पा मारता मारता विचारायचं, दुसऱ्या जातीचा माणूस शेजारी चालेल का, घरात चालेल का. आडनाव मात्र शेवटपर्यंत सांगायचं नाही, कारण ते कळलं की लोक समोरचा माणूस बघून उत्तर देतात. मग सुमेधा आपलं आडनाव सांगायची, आपण बौद्ध आहोत म्हणायची आणि विचारायची, "आता मला तुमच्या चुलीपाशी जेवायला बसवाल?"

"दर वेळी वाटतं, आज विचारूच नये गं," ती मला म्हणाली होती.

संत्र्याच्या बगीच्यातल्या घरी गंगूआजी भेटल्या. सुमेधावर त्यांचा भलताच जीव जडला. "जेवल्याबिगर जाऊ नका वं पोरींनो. आमच्या इथं तसलं काही नाही, सारे सारखे." चुलीवर वांग्याची भाजी शिजत होती, वर मूठभर सांभार (म्हणजे आपली कोथिंबीर). वासानंच भूक खवळली.

सुमेधानं आडनाव सांगितलं. प्रश्न विचारला.

आजींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मले चालते वं," त्या पुटपुटल्या. "पन आत देव हायेत. आमचा बुढा घर डोक्यावर घेईन."

माझं ताट आत वाढलं, तिचं ओसरीवर. माझं डोकंच फिरलं! ताट उचलून मी तिच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळानं आजीही आपलं ताट घेऊन बाहेर आल्या आणि सुमेधाला खेटून बसल्या. "थांबली काहून? खा ना वं." आपल्यातली अर्धी भाकर मोडून त्यांनी तिच्या ताटात घातली. सुमेधा इतकी मोकळी हसली की मी बघतच राहिले.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "हे उत्तर 'हो' धरायचं ना?"

"नाही," ती म्हणाली.

तशी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही. त्या दिवसांसाठी जीव अजून हळहळतो. पण नागपूरचं नाव निघालं की आधी कानात येतं, त्या एसटीच्या खिडकीबाहेर बघत ती पुढे म्हणाली ते, "आजी नुसत्या बाहेर येऊन बसल्या तर मला केवढा आनंद झाला गं! त्याचाच राग येऊन राहिला मला."