टांगेवाल्या काकांची घोडी

टर्पेंटाइनचा वास आला की रहिमतपुरातल्या आमच्या शेजारच्या टांगेवाल्या काकांची घोडी आठवते. नव्वदीच्या दशकात एकदा तिच्या पुढच्या पायाची नस सुजली. "तापल्या लोखंडाचा डाग द्या, उद्या पळंल बगा," बाकीचे टांगेवाले म्हणाले. गुरांच्या डॉक्टरांनी मात्र बजावलं, "डागू नका, महिनाभर उभी ठेवा. चालली तर पाय कायमचा जाईल." पण रेल्वेची शिट्टी ऐकली की ती लंगडत स्टेशनाकडे निघायला दावं ओढायची. शेवटी काकांनी टांग्याच्या चाकांना दगड लावले, तिला जुंपलं आणि लगाम धरून पुढे बसले. "आज पाशिंजर न्हाई गं, थांब वाईच." ती थांबली. मग रोज तिच्या पायाला टर्पेंटाइन चोळून गाडी जाईपर्यंत ते तसेच बसायचे. पाय बरा झाला. हल्ली अशा दुखण्यावर यंत्राने ध्वनिलहरींचे धक्के देतात, असं परवा वाचलं. त्यानंतरही घोड्याला विश्रांती लागतेच. तेव्हा त्याच्याजवळ कोण बसतं, ते लिहिलेलं नव्हतं.