कप्तानाची पाठ

चौतिसाव्या वर्षी चिकट्या लिलावात विकला गेला, तेव्हा तो पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत मीटरच्या तक्रारी नोंदवत बसला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपला फोन त्याच्यापुढे धरला. पडद्यावर त्याचा पाच वर्षांपूर्वीचा फोटो होता आणि त्याखाली 'विकला' असा शिक्का.

"विकले गेलात हो तुम्ही," बाई म्हणाल्या. "आता तरी चहा पाजा."

चिकट्या हे नाव त्याला मैदानावर पडलं होतं. पैशाला तो चिकट नव्हता. चेंडू त्याच्या ग्लोव्हजना चिकटायचा. अकरा वर्षं त्याने प्रांताच्या संघासाठी विकेटकीपिंग केलं. चार-चार दिवसांचे सामने, आणि बघायला कोण, तर पेन्शनीतले दहाबारा जण आणि स्टँडच्या सावलीला झोपलेली कुत्री. लीगच्या लिलावात तो दरवर्षी नाव द्यायचा आणि दरवर्षी त्याचं नाव पुकारायचीच वेळ यायची नाही. या वेळी मूळ किमतीला एका मालकाने हात वर केला. वर बोली लावायला कोणी आलं नाही. पण ती मूळ किंमतसुद्धा त्याच्या सहा वर्षांच्या पगाराएवढी होती.

थोरल्या भावाने त्या दिवशी टायरचं दुकान दुपारीच बंद केलं. लहानपणी गॅरेजच्या भिंतीवर ओला चेंडू मारून मारून त्यानेच धाकट्याचे हात तयार केले होते. तो आला, चिकट्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि खुर्चीत बसून डोळे पुसत राहिला.

बायको दवाखान्यात नर्स होती. तिने आधी रजेचं विचारलं.

"बिनपगारी मिळेल," चिकट्या म्हणाला. "पण प्रांताच्या संघाचं शिबिर त्याच दिवसांत आहे. ते बुडेल."

"मग बुडू दे. नाही गेलास तर जन्मभर तोंड पाडून बसशील, आणि ते तोंड मला बघायचं नाही."

तो गेला. संघ एका उंच हॉटेलात उतरला होता. खोलीत पलंगावर सरावाचे चार आणि सामन्याचे तीन कपड्यांचे जोड घडी घालून ठेवलेले, पाठीवर त्याचं नाव. ते नाव त्याने अंगठ्याने चाचपून पाहिलं. निघतंय का ते बघितलं म्हणा ना.

तिसऱ्या दिवशी संघाच्या मॅनेजरने त्याला नेटमधून बाजूला बोलावलं. मॅनेजर पूर्वी साबणाच्या कंपनीत विक्री बघायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या बोलण्याला कसली चव नव्हती.

"उद्या सकाळी शूटिंग आहे," तो म्हणाला. "पंख्याची जाहिरात. कप्तानाची जर्सी घालायची आणि पाठमोरं उभं राहायचं."

"कप्तानाची का?"

"कारण कप्तान नाही येणार." मॅनेजरने त्याला बाकावर बसवलं आणि लहान मुलाला पाढे शिकवावेत तसं समजावलं. "हे बघ. लीग मंडळाची. मंडळाने शहरांची नावं लावून आठ संघ आठ मालकांना विकले. टीव्हीवाले मंडळाला प्रक्षेपणाचे पैसे देतात, त्यातला निम्मा वाटा आठ संघांत सारखा वाटला जातो. त्यातून तुमचे पगार भागतात. तिकिटं म्हणजे चिल्लर. मालकाला खरं सुटतं ते कपड्यांवर. छातीवर पंखेवाला, पाठीवर सिमेंटवाला, बाहीवर विमावाला. आता, पंखेवाल्याला संघाशी काय देणंघेणं? त्याला कप्तान पाहिजे. आणि कप्तान करारानुसार मोसमात शूटिंगला चारच दिवस देतो. चार दिवसांत त्याचा चेहरा होतो. बाकीचं अंग दुसऱ्याचं."

कप्तान म्हणजे देशाचा विकेटकीपर. चौकाचौकात त्याचे फलक लागलेले.

चिकट्याने विचारलं, "म्हणून मला घेतलं का?"

मॅनेजरने लपवलं नाही. "संघात अठरा खेळाडू असलेच पाहिजेत असा नियम आहे. आमचे सतरा झाले होते. उरलेल्या रकमेत बसणारे तिघे विकेटकीपर होते. त्यात कप्तानाच्या उंचीचा तू एकटा."

मग एक कागद पुढे आला. शूटिंगमध्ये आपण होतो हे तीन वर्षं कुणालाही, घरच्यांनासुद्धा, सांगायचं नाही. सांगितलं तर घेतलेली सगळी रक्कम परत. त्यातली अर्धी भावाच्या दुकानाचं कर्ज फेडण्यात गेलीही होती. चिकट्याने सही केली.

मोसम सुरू झाला. सामन्याच्या दिवशी तो पिवळं जाकीट घालून बाटल्या न्यायचा, सकाळी दुसऱ्याच्या नावाची जर्सी घालून पंख्याच्या वाऱ्यात उभा राहायचा. दिग्दर्शक त्याला 'बॉडी' म्हणायचा. "बॉडीला जरा डावीकडे घ्या. आता स्टंपमागे बसवा." सुरुवातीला त्याला हसू यायचं.

तिसऱ्या आठवड्यात जाहिरात टीव्हीवर आली आणि नऊ वर्षांच्या लेकीचा फोन आला.

"बाबा, टीव्हीवर तू आहेस."

"मी कुठला? तो कप्तान आहे."

"तू आहेस. बसण्याआधी तू डावा गुडघा दोनदा हलवतोस. आईला विचार."

चिकट्याने क्रिकेटचं काहीतरी बोलून विषय बदलला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण बसण्याआधी काय करतो हे आपल्यालाच माहीत नव्हतं.

पाच सामने उरले असताना सरावात कप्तानाचं बोट मोडलं. संघात दुसरा विकेटकीपर एकच होता. प्रशिक्षकाने चिकट्याला पूर्ण दोन दिवस नेटमध्ये उभं केलं, आणि दोन दिवसांत एकही चेंडू हातातून सुटला नाही. प्रशिक्षक म्हणाला, "शनिवारी तयार राहा." भाऊ, बायको, लेक तिघंही शुक्रवारी बसने आले. भावाने नवा शर्ट घातला होता, त्याच्या कॉलरला किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती.

शनिवारी सकाळी नाश्त्याला मॅनेजर त्याच्या शेजारी येऊन बसला.

"जखमी खेळाडूच्या जागी बाहेरचा घेता येतो," तो म्हणाला. "एकवीस वर्षांचा आहे, फोनवर त्याला बघणारे लाखो आहेत. पंखेवाल्यांनी तोच मागितला."

"प्रशिक्षक काय म्हणाले?"

"प्रशिक्षकांना पगार कोण देतं?"

चिकट्याने चमचा खाली ठेवला. "घरची माणसं आलीत माझी."

"त्यांना चांगल्या जागा देतो," मॅनेजर म्हणाला. तेवढ्यावर तो थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याचं काम राहिलं होतं. "आणि सोमवारी शूटिंग. कप्तानाचा हात प्लॅस्टरमध्ये आहे, तेव्हा आता हातसुद्धा तुझेच."

घरच्यांनी चांगल्या जागेवर बसून त्याला बाटल्या नेताना बघितलं. भाऊ शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होता.

सोमवारी त्याला सूर मारून झेल घ्यायचा होता. खाली पातळ गादी, समोर सहा कॅमेरे. झेल त्याने पहिल्याच वेळी घेतला. दिग्दर्शक म्हणाला, "फार सहज दिसतोय. कष्ट दिसू देत." मग पुन्हा, आणि पुन्हा. बाविसाव्या वेळी त्याचा उजवा खांदा गादीबाहेरच्या लादीवर आपटला. झेल मात्र हातातच होता, आणि तोच जाहिरातीत घेतला.

विम्याच्या माणसाने नम्रपणे सांगितलं, की सामन्यात किंवा सरावात झालेली दुखापत असेल तर खर्च मिळतो. जाहिरात हा खेळ नव्हे. पंख्याच्या कंपनीने सांगितलं, आमच्या शूटिंगला कप्तान होते, तुमचं नाव आमच्याकडे कुठेच नाही.

घरी आल्यावर 'सरावात पडलो' एवढंच त्याने सांगितलं. बायकोने खांद्यावर दोन बोटं ठेवली, हात वर करायला सांगितला. तो कानापर्यंतही गेला नाही. तिने रोज असे खांदे बघितलेले. "ग्लोव्हज माळ्यावर टाकू का?" तिने विचारलं. तिच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. शस्त्रक्रिया झाली, उरलेले पैसे तिच्यात गेले. प्रांताच्या संघात तोवर दुसरा आला होता. लीगमधून मुक्त केल्याचं दोन ओळींचं पत्र मेलवर आलं. त्यात त्याचं नावही चुकीचं लिहिलं होतं.

तो पुन्हा मीटरच्या तक्रारींवर बसला. जून महिन्यात शाळेतून बोलावणं आलं. लेकीने वर्गात एका मुलीला ढकललं होतं. झेलाच्या जाहिरातीत माझे बाबा आहेत, असं ही सांगत होती; त्या पाठीवर कप्तानाचं नाव आहे म्हणून वर्ग हिला खोटारडी म्हणत होता.

वर्गशिक्षिका चांगल्या होत्या. "तुम्हीच काय ते सांगा," त्या म्हणाल्या. "खरं असेल तर मी वर्गाला सांगेन."

लेक त्याच्याकडे बघत होती. दुसरी मुलगी, तिची आईही तिथेच. चिकट्याला तो कागद दिसत होता, आणि भावाचं दुकान.

"गैरसमज झालाय तिचा," तो म्हणाला. "तो कप्तानच आहे."

लेकीने त्या मुलीची माफी मागितली. घरी येईपर्यंत ती त्याच्यापुढे चार पावलं चालत राहिली.

तीन वर्षांची मुदत संपली त्या रविवारी चिकट्याने तिला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं; लिलाव, अठरावा खेळाडू, गादी, बावीस झेल, कागद. बारा वर्षांची झाली होती. तिने नीट ऐकून घेतलं.

"मला माहीतच होतं," ती म्हणाली. "मी तेव्हाही तेच म्हणत होते."

"तुझंच खरं होतं."

"आता सांगून काय उपयोग, बाबा? ती शाळा सुटली माझी." मग वाळलेले कपडे तारेवरून काढता काढता तिने विचारलं, "कुणाला सांगायचं असेल तर सांगू शकतोस ना आता?"

"हो."

"मग आधी काकाला सांग. तो अजून सगळ्यांना सांगतो, की तुला ऐन वेळी ताप आला म्हणून तू खेळला नाहीस."