आमच्या अंगणात संत्रा जगला नाही

नवरा रिटायर झाल्यावर आम्ही कळमेश्वर रोडवरच्या एका ले-आउटमध्ये घर बांधलं. घरापुढे थोडं अंगण सुटलं होतं. खरं तर घर माझ्यासाठी होतं आणि अंगण त्यांच्यासाठी. काटोलकडच्या त्यांच्या गावी वडिलांची संत्र्याची बाग होती, ती भावांच्या वाटण्यांत गेली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त म्हणायचे, "दोनच झाडं लावू, पण आपली."

खड्डे त्यांनी स्वतः खोदले. वर प्लॉट उंच करायला टाकलेला मुरूम, त्याखाली कुणाच्या तरी पाडलेल्या घराच्या विटा, आणि मग काळी माती लागली. ढेकूळ हातात घेऊन ते मला दाखवायला स्वयंपाकघरात आले. "पाह्य वं, लोणी आहे लोणी! काहीही लावलं तरी येते याच्यात." इतकं खुश मी त्यांना मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

संत्र्याची दोन कलमं लावली, पण पहिल्याच वर्षी पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. त्यांनी शेणखत घातलं, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. पुढच्या पावसाळ्यात खोडातून डिंक गळायला लागला आणि दिवाळीपर्यंत दोन्ही झाडांच्या काड्या झाल्या.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ कृषी खात्यातून रिटायर झालेले. त्यांना बोलावलं. त्यांनी मातीतले पांढरे खडे वेचून तळहातावर ठेवले. "ही चुनखडी. हिच्यामुळे झाडाले लोह भेटत नाही, म्हणून पानं पिवळी." मग खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून म्हणाले, "उद्या सकाळी पाहा." सकाळी पाणी जवळजवळ तेवढंच होतं.

"भाऊ, तुमच्या गावची जमीन उताराची. खाली मुरूम, पाणी निघून जायचं," ते गृहस्थ फोनवर यांना समजावत होते. "इथं खाली नुसती चिकण माती आहे. पाणी जाईन कुठं? उंच वाफा करा, आणि पाण्याले वाट द्या."

त्यांनी सांगितलं तसंच यांनी केलं. गुडघ्याएवढा उंच वाफा बांधला, चांगली माती आणून भरली, दोन नवी कलमं लावली आणि फाटकापर्यंत नाली खोदली. त्या वर्षी पानं हिरवी राहिली. मलाही वाटलं, जमलं आता.

मग समोर सिमेंट रोड झाला. जुन्या रस्त्यावरच नवा थर ओतला आणि आमचं अंगण रस्त्याच्या खाली गेलं. नालीतून पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत यायला लागलं. श्रावणात झड लागली तेव्हा वाफ्याभोवती तळं साचलं. सकाळी उठून पाहते तर हे लुंगी खोचून, घमेल्याने पाणी उपसून फाटकाबाहेर फेकत होते. ते फेकत होते आणि पाणी परत येत होतं.

"अहो, काहून करून राहिले असं? आजारी पडाल."

"मुळं गुदमरून राहिली ना झाडांची," ते म्हणाले. मी छत्री धरून उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

पाऊस ओसरल्यावर त्यांनी एक झाड धरून ओढलं. ते सहज वर आलं. मुळांची साल बोटांना लागून निघून आली आणि सडका वास सुटला. दुसरं त्यांनी उपटलं नाही, मीच उपटलं. हात धुऊन ते टीव्हीपुढे बसले. टीव्ही बंद होता.

हिवाळ्यात मुलानं पुण्याहून येऊन अंगणभर सिमेंटचे गट्टू, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, बसवून घेतले. "आता चिखल नाही, कटकट नाही, बाबा." ते नुसते "हो" म्हणाले. त्यानंतर ते पुढच्या दारानं फारसे बाहेर पडत नाहीत. मी कितीदा म्हटलं, गावाकडे एक चक्कर मारू, सदरच्या बाजारात जाऊन काही घेऊन येऊ. त्यांना कुठेच जायचं नसतं.

यंदा शेजारच्या प्लॉटवर एक नवं जोडपं राहायला आलं. ती मुलगी एका संध्याकाळी लिंबाचं रोप घेऊन आमच्या दारात आली. "काका, तुमच्याकडे बाग होती म्हणतात. हे कुठं लावू मी?"

मला वाटलं, आता हे उठतील, तिच्या प्लॉटवर जातील, माती हातात घेतील. त्यांनी रोपाकडे पाहिलं.

"नको लावू," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

ती गोंधळून माझ्याकडे पाहत होती. "रागावले का काका?"

"नाही वं," मी म्हटलं. तिला वाफ्याचं सांगावं, नालीचं सांगावं असं मनात होतं. पण तिचा प्लॉट तर आमच्यापेक्षाही खाली आहे. मी तिला चहा घेशील का विचारलं. ती नको म्हणाली आणि रोप घेऊन गेली.