चोरओटीच्या आधी

रिठदच्या आमच्या घरात मी आंबेडकरी चळवळीची पत्रकं वाचत अक्षरं शिकले. देव, नवस, अंगारे आजोबांनीच सोडले होते. नजर मात्र कोणी सोडली नाही. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरेपर्यंत दिवस गेल्याचं कोणाला सांगायचं नाही, हा नियम रोज बुद्धवंदना म्हणणारी माझी आईही पाळायची.

आत्याला एकोणचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिवस गेले. केनवडच्या सासरहून ती आमच्याकडे आली. आई आणि मी सोडून कोणालाच तिने सांगितलं नाही, सासूलाही नाही.

"वैनी, डाक्टरले दाखवू काय?"

"आत्ताच कायले? तिथं अर्धं गाव बसून राह्यते. ओटी तं भरू दे."

मग थोडं थोडं रक्त दिसू लागलं. "या वयात व्हतेच," आई म्हणाली. ओटीपोटात एका बाजूला कळ यायची. नंतर खांदा दुखू लागला, तेव्हा आईने बाम चोळला. दवाखान्यात नेऊ म्हणून मी आईशी भांडले.

"तुले काय कळते व? लगन तरी झालं काय तुह्यं?"

आत्याही हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात कोसळली.

वाशीमच्या दवाखान्यात सासूही येऊन पोचली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवस गेलेत का?" आईने सासूकडे पाहिलं. म्हणाली, "नाई." आत्या पांढरीफटक पडली होती. तिनेच ओठ हलवले, "हो."

गर्भ पिशवीत नव्हताच, नळीत रुजला होता. नळी फुटली होती, ती काढावी लागली. पस्तिशीनंतर हा धोका वाढतो, यात तिचा दोष नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुन्हा दिवस गेले तर पाळी चुकताच या. सासूने त्यातलं वय तेवढं उचललं.

"मंग? म्हातारपणी कायले पाहिजेत असे शौक?"

वय वाढलं की तपासणी लवकर करायची, एवढाच डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याचा अर्थ. आमच्याकडे वय हा गुन्हा होतो, आणि जिला सगळ्यात आधी दवाखाना गाठायला हवा तीच सगळ्यात जास्त लपवते.

संध्याकाळी केनवडची एक शेजारीण भेटायला आली. दारातूनच विचारलं, "काय झालं व हिले?" मी सगळं सांगायला तोंड उघडलं. आत्याने माझं मनगट धरलं.

"अपेंडिक्स सांग."

"काहून पण?"

"दुसरी नळी हाय ना अजून," ती हळूच म्हणाली. "नजर लागीन."