आईचा उजवा हात

कामगारांसाठीच्या पत्रकात मी नेहमी ‘आम्ही’ लिहितो. आम्ही विचारतो, आम्ही मागतो. आज ‘मी’ लिहायला बसलोय आणि हात अडतोय — कारण ही गोष्ट तीन उन्हाळे मी एकट्यानेच पोटात ठेवली आहे. आज पहिल्यांदाच सांगतोय.

आधी बेडकांबद्दल सांगू द्या. सुरतेत, लिंबायतमधल्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत एक काचेची पेटी आहे. तळाला खडी, वर नारळाचा भुसा, शेवाळ, नेचे — वीतभर जंगलच. त्यात डार्ट फ्रॉग जातीचे दोन बेडूक. अंगठ्याच्या पेराएवढे, काळ्या अंगावर हळदीसारखे पिवळे पट्टे. जवळच्याच कडोदऱ्याच्या एका हौशी माणसाच्या घरी जन्मलेली ही जोडी मी रीतसर कागदपत्रांसकट आणली.

नवशिक्याच्या सगळ्या चुका मी केल्या. नळाचं क्लोरीनचं पाणी तसंच फवारलं. केळं कुस्करून डब्यात त्यांच्यासाठी बारीक माश्या वाढवल्या, झाकण सैल ठेवलं आणि आठवडाभर घराच्या डाळीत माश्या निघाल्या. मला घरात ‘भाऊ’ म्हणतात; वडील यंत्रमागावरून येऊन आमच्या अहिराणीत म्हणायचे, “लोके माश्या मारतस, आमना भाऊ पाळस!” बेडकांना उन्हाळा सोसत नाही म्हणून मी जुना एसी आणला — खास त्यांच्यासाठी. पहिल्या रात्रीपासून सगळं घर त्याच खोलीत झोपू लागलं.

पण काय जीव आहे तो! माशी दिसली की मागच्या पायाचं एकच बोट टकटक हलतं. मान तिरकी होते — आणि माशी नाहीशी. बाकी बेडूक लपतात. हा भडक रंग घालून दिवसाढवळ्या उघड्यावर बसतो. मला वाटायचं, हा माझ्यासारखा. खरंच होता का?

तर — माझं खोटं. हे बेडूक जंगलात विषारी असतात. तिथले किडे-मुंग्या खाऊन त्यांच्या कातडीत विष साठतं. काचेत जन्मलेल्या, केळ्यावरच्या माश्या खाणाऱ्या बेडकात ते नसतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आईला मी सांगितलं — नुसतं बोट लागलं तरी माणूस मरतो.

का सांगितलं? बेडकांच्या काळजीने, असं मी स्वतःला समजावलं. पण ती रोज सकाळी पेटीपुढे उभी राहायची. नर कुठल्या पानाखाली बसून शीळ घालतो, ते तिने शोधलं. आज हा खात नाही, ते तिला आधी कळायचं. आणि मी — इतकं वाचलेला — मागे उभा. घरात एक तरी गोष्ट फक्त माझी असावी, एवढंच होतं ते. किती क्षुद्र, नाही?

त्याच दिवसांत मी शहराबाहेर सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या कारखान्यांपुढे पत्रकं वाटत होतो. मथळा माझाच होता: पिंपात काय आहे, ते हाताळणाऱ्याला सांगा. विषाची माहिती लपवणं हाही गुन्हा आहे, असं मी त्यात लिहिलं होतं. जाड अक्षरात.

एका दुपारी मी तिथे फाटकावर होतो, गर्दीत फोन ऐकू आला नाही. घरी लाईट गेली होती. एसी बंद, खोली तापत चाललेली. आईने पाहिलं — दोन्ही बेडूक पाय पसरून काचेला टेकलेले, पट्टे फिके. मला फोन लावून पाहिला. मग कडेवरच्या नातीला, माझ्या पुतणीला, शेजारच्या काकींकडे नेऊन दिलं. परत आली. आणि मग झाकण उघडलं.

हा क्रम बघा. आधी नात. मग झाकण.

चमचा वापरून पाहिला, तो त्यांना टोचेल असं वाटलं. म्हणून उघड्या हाताने एकेक उचललं, ओल्या सुती फडक्यावर डब्यात ठेवलं आणि डबा माठाखालच्या गार वाळूत. दोघेही जगले.

मी आलो तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती. उजवा हात अंगापासून लांब, गुडघ्यावर ठेवलेला. “त्या तळमळी राहिंथात,” ती म्हणाली, “मंग मी काय देखत बसू?” आणि मग, “भाऊ, आते माले काही व्हई का रे?”

एक वाक्य पुरलं असतं. आई, त्यांच्यात विषच नाही. मी काय म्हणालो? हात धुतलास ना, वेळेवर धुतलास म्हणून वाचलीस.

गल्लीभर त्याची गोष्ट झाली. काकी अजून गुजरातीत हाक मारतात, “मासी, राजकुमार थयो के नी?” — हात लागून बेडकाचा राजकुमार झाला की नाही? आई हसते. मीही तिच्या धाडसाचं कौतुक करतो — खोटं नाही ते. इतकं शूर माणूस मी कुठल्याच मोर्चात पाहिलेलं नाही. पण ज्या मरणाला ती सामोरी गेली, ते मी बनवलेलं होतं.

आणि तो हात. पूर्वी ती वरणभात कालवून नातीला स्वतःच्या बोटांनी भरवायची. त्या दिवसापासून चमच्याने भरवते. कुणी विचारलं तर म्हणते, आजकाल असंच करतात. खरं कारण मला माहीत आहे. मी तीन वर्षं तो चमचा बघतोय.

माझं प्रत्येक पत्रक आई सगळ्यांत आधी वाचते, बोट ठेवून, सावकाश. हा कागद मी पेटीच्या झाकणावर ठेवला आहे. ती आता माश्या सोडायला येईल.

आज मी घरातच आहे.